उघडताना टोचतंय का मिटताना?

डोळ्यात काही गेलं की माणसाचा हात आपोआप डोळ्याकडे जातो. साळवेमामा सगळ्यात आधी तो हात धरायचे. मनगट असं घट्ट पकडायचे, की समोरचा डोळ्याचं दुखणं विसरून मनगटाकडे बघायला लागायचा. मग शांतपणे म्हणायचे, "चोळू नको. चोळला की कण घर करतो." आणि त्याला तसाच धरून उत्तरेकडच्या खिडकीपाशी न्यायचे.

वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते तेव्हाची ही गोष्ट. लोखंडी सांगाडे आणि जाळ्या बनवायचा कारखाना. दिवसभर कापणं, घासणं, ठोकणं चालायचं आणि ठिणग्या उडायच्या. डोळ्यांना लावायचे गॉगल होते, नाही असं नाही. ते माझ्याच स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांसकट पडलेले असत. घामानं काचेवर वाफ धरते म्हणून कुणी ते लावत नसे. काहीजण गळ्यात अडकवून फिरत आणि साहेब दिसले की डोळ्यांवर चढवत.

प्रथमोपचाराची पेटीही माझ्याच ताब्यात होती. मी त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि प्रमाणपत्र फ्रेम करून टेबलामागे टांगलं होतं. पहिल्या वर्षभरात त्या पेटीसाठी एकच माणूस आला, त्याला पट्टी हवी होती, तीही गळका पाइप बांधायला. डोळ्यात कण गेला की सगळे माझ्या दारावरून पुढे साळवेमामांकडे जायचे. मला याचा राग यायचा. फिटरचं काम करणारा हा काटकुळा, पन्नाशी उलटलेला माणूस, ना शिक्षण ना प्रमाणपत्र, आणि हा लोकांचे डोळे तपासणार? मी एकदा सुपरवायझरकडे तक्रारही केली. तो हसला आणि म्हणाला, ताई, माझाही कण त्यांनीच काढलाय.

मग मी लांबून बघायला लागले. आधी चुका काढायला, नंतर नुसतंच बघायला.

मामा आधी हात धुवायचे. ज्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, माणसं चिंधीला हात पुसून डबा उघडायची, तिथे हे गृहस्थ कोपरापर्यंत साबण लावून दोनदा हात धुवायचे. माणसाला उलट्या क्रेटवर बसवायचे, तोंड खिडकीकडे. मग प्रश्न सुरू. काय करत होतास? घासत होतास का ठोकत होतास? वारं कुठून होतं? आणि शेवटचा ठरलेला प्रश्न, "उघडताना टोचायलंय का मिटताना?" दोन्ही वेळी, म्हणजे पापणी हलली की टोचत असेल तर कण वरच्या पापणीखाली बसलाय, असा त्यांचा हिशोब. मग पापणीवर काडेपेटीची काडी आडवी ठेवून ते पापणी हलकेच उलटवायचे. माणूस ओरडायच्या आत आतली गुलाबी बाजू वर आलेली असायची आणि तिच्यावर तो काळा ठिपका.

कण टिपायला त्यांच्याकडे मलमलीचे तुकडे असत. गुलमंडीवरच्या एका दुकानातून पाव मीटर मलमल आणायची, मामींनी ती उकळून, इस्त्री करून, वर्तमानपत्रात नव्हे तर स्टीलच्या डब्यात घालून द्यायची. तुकड्याचं टोक पिळून त्याची वात करायची, ती एकदा टेकवायची, दुसऱ्यांदा नाही. कण बुबुळावर रुतलेला दिसला तर मात्र ते डब्याचं झाकण लावून टाकायचे. "हे माझं काम नाय. बुबुळाला म्या हात लावत नाय. दवाखान्यात जा." अशा माणसाला ते गेटपर्यंत स्वतः सोडायचे.

निघालेला कण ते फेकत नसत. पांढऱ्या कागदावर ठेवून क्वालिटी विभागातल्या भिंगाखाली बघायचे. हा बिडाचा, हा पोलादाचा, हा लोखंडाचा नाहीच, घासायच्या चाकाचा खडा आहे, असं सांगायचे. मग कागदाची पुडी करून ज्याच्या डोळ्यातून निघाला त्याच्या हातात द्यायचे. एवढुसा ठिपका, आणि त्यानं धिप्पाड माणसाला रडायला लावलेलं असायचं. त्या पुडीकडे माणसं मोठ्या नवलानं बघत.

त्यांचा तो स्वभावच होता. मोडलेली वस्तू दिसली की ती कशी मोडली हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्या कपाचा कान तुटला तेव्हा त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि चहा पीत असलेल्या आम्हा सगळ्यांना उठवलं. मधली एक कपची कमी होती. ती टेबलाच्या पायामागे सापडेपर्यंत त्यांनी कुणालाही बसू दिलं नाही.

आणि मग एक दिवस माझाच डोळा लाल झाला. कारखान्यात यायच्या आधीपासूनच टोचत होतं. पाणी मारून झालं, पदराची फुंकर घालून झाली. प्रमाणपत्र डोक्यामागे टांगलेलं आणि खाली मी रडतेय, असं दोन तास चाललं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण आपल्या डोळ्यात खरोखरच काही गेलं तर आरसा घेऊनही दिसत नाही. शेवटी गेले मुकाट्यानं आणि बसले क्रेटवर. मामांनी विचारलं, स्कूटीवर आलात का? हेल्मेटची काच खाली होती? मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "ताई, सकाळी भांडी तुम्हीच घासली का आज?" भांडी घासायला येणारी बाई सुट्टीवर होती, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या पापणीखालून निघाला तो तारेच्या घासणीचा केसाएवढा तुकडा. बोटांच्या टोकांवर बारीक ओरखडे आहेत, लोखंडाचा काळपटपणा नखात आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून माझा राग गेला आणि मी दुपारचा चहा त्यांच्याबरोबर घ्यायला लागले.

हे शिकलात कुठे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, आईकडून. त्यांची आई गंगापूरकडच्या एका गावात मजुरीला जायची. ज्वारीच्या खळ्यावर कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ती पापणी उलटवून जिभेच्या टोकानं ते टिपायची. गावात तिच्याइतकं हलकं कुणाला जमत नव्हतं. एकदा पाटलाच्या घरच्या पोराच्या डोळ्यात गेलं, तेव्हा तिला बैलगाडी पाठवून बोलावलं. तिनं काढलं. "आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यायला," मामा म्हणाले, "पण आईची जीभ डोळ्याला चालली. काम झाल्यावर तिला चूळ भरायला पाणी दिलं ते वरून, वंजळीत." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. पुढे ते म्हणाले की शहरात आल्यावर त्यांनी जीभ सोडली आणि मलमल धरली, कारण एका डॉक्टरांनी सांगितलं की तोंडातले जंतू डोळ्यात जातात. आईला हे पटलं नव्हतं. मला मात्र त्या ओंजळीतल्या पाण्याचा कितीतरी दिवस संताप येत राहिला.

आता संतोषची गोष्ट सांगायला हवी. ती टाळून मामांबद्दल लिहिता येणार नाही.

संतोष तिशीच्या आतबाहेरचा फिटर. शेती भावाकडे सोडून शहरात आलेला, पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणारा, बायको आणि एक मुलगी. एका दुपारी तो अडकलेली पिन काढायला छिन्नीवर हातोडा मारत होता. तिसऱ्या-चौथ्या घावाला त्यानं डोळ्यावर हात घेतला. मामांनी मनगट धरलं, खिडकीशी नेलं, पापण्या उलटवल्या. खालच्या पापणीच्या कोपऱ्यात एक काळा कण चिकटलेला होता. वातीनं एका टेकात आला. मामा म्हणाले, "निघाला." संतोषनं डोळा उघडझाप करून बघितला. सगळं स्वच्छ दिसत होतं. पुडी बाकावरच ठेवून तो पुन्हा कामाला लागला. मी दारातून हे सगळं बघितलं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संतोषची रजा होती, मुलीला शाळेत घालायचं होतं म्हणून. सकाळी त्याची छिन्नी मामांच्या हातात आली. हातोडीचे घाव खाऊन छिन्नीचं डोकं कडेनं फुलतं, त्याला भेगा पडतात. ते घासून सारखं करायला मामांनी ती उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. फुललेल्या कडेला एक ताजा, चकचकीत टवका होता. त्यांनी बाकावरची पुडी शोधली आणि दोन्ही भिंगाखाली ठेवलं. कण त्या टवक्याच्या एका बाजूला बरोबर बसत होता. दुसरी निम्मी जागा उघडी होती.

मग ते जमिनीवर बसले. चुंबक घेऊन बाकाखालचा, मशीनखालचा सगळा केर त्यांनी धुंडाळला. सुपरवायझर दोनदा येऊन कुरकुरून गेला. कागदावर ढीगभर कण जमले, एकेक भिंगाखाली गेला, एकही त्या जागेत बसेना. अकरा वाजता ते माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं होतं. म्हणाले, "ताई, अर्धा तुकडा सापडंना."

मी संतोषला फोन लावून स्पीकरवर मामांच्या हातात दिला. संतोष मजेत होता. दुखत नाही म्हणाला, फक्त डोळ्यापुढं एक काळी माशी फिरल्यासारखी वाटतेय सकाळपासून. मामांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि स्कूटरची किल्ली काढली. अपघाताचा फॉर्म मलाच भरावा लागणार होता, म्हणून मीही मागे बसले. वाळूजहून आम्ही थेट पुंडलिकनगरला गेलो.

घरात मुलगी नवं दप्तर पाठीला लावून आरशासमोर उभी होती. संतोष हसत होता, चहा टाकायला सांगत होता. दुखतच नाही तर दवाखाना कशाला, म्हणाला. मामा उंबऱ्यातच उभे होते. "दुखत नाय म्हणूनच चल. तुकडा वर असता तर टोचला असता." त्याच्या बायकोनं गॅस बंद केला आणि मुलीला शेजारी सोडून तीही निघाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. काय करताना झालं, असं त्यांनी विचारलं. संतोष सांगायच्या आत मामा म्हणाले, छिन्नीवर हातोडा मारत होता. हे ऐकल्यावर बाईंचा हात थांबला. त्यांनी यंत्राचा उजेड बराच वेळ डोळ्यावर धरला. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या थोडं बाजूला, एक बारीक लाल ठिपका होता, टाचणीनं टोचल्याएवढा. डोळा बाहेरून जवळजवळ बरा होता. मग त्यांनी दोन एक्स-रे काढायला सांगितले, एक वर बघून आणि एक खाली बघून. मला त्याचं कोडं पडलं. फोटो आले तेव्हा त्यांनी ते शेजारी शेजारी लावले. एकात एक पांढरा ठिपका वर होता, दुसऱ्यात तो खाली. डोळा फिरला तसा तोही फिरला होता. म्हणजे तो पापणीत नव्हता, हाडात नव्हता, डोळ्याच्या आत होता.

मामा त्या फोटोच्या अगदी जवळ गेले. खिशातली पुडी काढून त्यांनी ती उजेडात धरली आणि परत खिशात ठेवली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी कुणी काही काढलं होतं का? संतोषनं माझ्याकडे बघितलं. मी गप्प होते, कारण मला मामांना सांभाळून घ्यायचं होतं. कारखान्यातला कुणीही अशा वेळी नाही म्हणाला असता. मामा म्हणाले, "म्या काढला. काल दुपारी. एक निघाला आन् म्या म्हणलं निघाला. तिथं चुकलो."

संतोषच्या बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग डॉक्टरांना विचारलं, काल आणलं असतं तर? बाई खोटं बोलल्या नाहीत. ऑपरेशन कालही लागलंच असतं, त्या म्हणाल्या, पण लोखंड एक दिवस आत राहिलं, सूज सुरू झालीय. मग मामांकडे वळून त्या जरा मऊपणे म्हणाल्या, वरचा कण तुम्ही नीट काढलाय. पण असा घाव असला की एक सापडला म्हणून थांबायचं नसतं. मामांनी मान हलवली, शाळेतल्या पोरासारखी.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आतला तुकडा निघाला. पुढचे कित्येक दिवस इंजेक्शनं, थेंब, तपासण्या. डोळा राहिला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. मधोमध धूसर दिसतं, संतोष म्हणायचा, कुणी काचेवर बोट फिरवल्यासारखं. दोन महिन्यांनी तो परत कामावर आला. बारीक कामाला अंदाज चुकायचा, म्हणून त्याला पॅकिंगला टाकलं. येता-जाता तो मामांच्या बाकावरून जायचा, बोलायचा नाही. मामाही त्याला अडवत नसत.

शॉपमध्ये मात्र उलटंच चाललं होतं. छिन्नीवरून तुकडा ओळखला, घरी जाऊन पोराला उचललं, मामा नसते तर डोळा गेला असता, असं जो तो म्हणायचा. एका जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हे जरा जास्तच रंगवून सांगायला लागला, तेव्हा मामांनी डबा बंद केला. "म्या वाचवला नाय. त्याचा एक दिवस घालवला म्या. हे बी सांगत जा." त्यानंतर ती गोष्ट त्यांच्यासमोर कुणी काढली नाही.

मलमलीचा डबा त्यांनी घरी नेला. कुणाच्या डोळ्यात काही गेलं तर मनगट ते अजूनही धरायचे, प्रश्न सगळे विचारायचे, अगदी उघडताना की मिटताना हाही. पण पापणीला हात लावत नसत. घासताना साधी धूळ गेली असेल तर नळाखाली स्वच्छ पाण्यानं धुवायला लावायचे, बाकी सगळ्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात. माणसं वैतागायची. आधी दोन मिनिटांत काम व्हायचं, आता अर्धा दिवस मोडतो. मामा म्हणायचे, मोडू दे.

आणि त्यांनी माझ्या स्टोअरमधले गॉगल बाहेर काढले. काचेवर वाफ धरते ना, मग त्यांनी आठवडाभर त्याचाच पिच्छा पुरवला. तेल लावून बघितलं, बटाट्याची फोड घासून बघितली, शेवटी कोरडा साबण घासून पुसला तर वाफ धरत नाही, हे त्यांनी शोधलं आणि त्या दिवशी ते मला बोलवायला स्वतः धावत आले. शॉपमधल्या सगळ्या छिन्न्या त्यांनी आपल्या कपाटात ठेवल्या. गॉगल लावून दाखवला की छिन्नी मिळायची. सुपरवायझरलाही त्यातून सूट नव्हती.

संतोषच्या प्रत्येक तपासणीला मामा दवाखान्यात जायचे, हे मला फार उशिरा कळलं. कुणी बोलावलं नव्हतं. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, नंबर होईपर्यंत थांबायचे आणि निघून यायचे. पहिल्या एक-दोन वेळा संतोषच्या बायकोनं तोंड फिरवलं. नंतर नंतर ती आपली पिशवी उचलून मांडीवर घ्यायला लागली, त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून. संतोष तरीही बोलत नव्हता. मी एकदा मामांना म्हटलं, तुम्हीच बोला ना आधी, तो लहान आहे. ते म्हणाले, "बोलायचं का नाय ते त्यानं ठरवायचं, ताई. डोळा त्याचा हाय."

मी ती नोकरी सोडली त्या आठवड्यातली ही शेवटची आठवण. संतोषच्या नजरेचा दाखला कंपनीला हवा होता, त्याचे कागद घेऊन मी दवाखान्यात गेले होते. तपासणीच्या खोलीत संतोष खुर्चीवर बसला होता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. चांगला डोळा झाकून वाचा, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. संतोषनं तळहात डोळ्यावर घेतला आणि वाचायला लागला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला अडखळला.

मी सहज दाराकडे बघितलं. मामा चौकटीला टेकून उभे होते. त्यांनीही आपला एक डोळा तळहातानं झाकला होता आणि ते तक्त्याकडे बघत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसऱ्या ओळीवर संतोष थांबला तेव्हा तेही थांबले.

संतोषनं मान वळवली आणि त्यांना तसं उभं असलेलं पाहिलं.  मग म्हणाला, "मामा, तिकडून दिसायलंय ना तुमाला? पुढचं कोणतं हाय ते सांगा."

किती महिन्यांनी त्यानं मामा म्हणून हाक मारली होती. त्याची बायको माझ्याशेजारी उठून उभी राहिली. मला वाटलं, आता मामा सांगतील. एका अक्षरानं काय बिघडणार होतं? माझ्याच ओठांवर ते अक्षर आलं होतं.

मामांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. "म्या नाय सांगणार. तुला दिसंल तेवढंच वाच."

संतोष हसला. मग पुन्हा तक्त्याकडे वळला, मान थोडी तिरकी केली, धूसर मधल्या जागेच्या कडेनं बघायचं असतं तशी. खूप वेळ लागला. मागे रांगेतलं कुणीतरी खोकलं. त्यानं ते एक अक्षर वाचलं, बरोबर वाचलं, आणि पुढचं दिसत नाही म्हणाला. मुलीनं तेवढंच कागदावर लिहिलं. मी मागे बघितलं तेव्हा मामांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसायला हात वर नेला नव्हता.